आवड की नड? बेस गिटारच्या पसंतीमागचा इतिहास

१/
पनवेल तालुक्यातील रोडपाली गावात हळदीची रात्र रंगते, तेव्हा गाणे आधी छातीला कळते आणि कानाला मागाहून. चार इमारतींपलीकडच्या खिडकीची काच थरथरू लागते. गाण्याचे शब्द मात्र अजून पोचलेले नसतात. उंच स्वर भिंतींना अडतात, खालचे स्वर भिंतींना वळसा घालून पुढे जातात, म्हणून असे घडते. या खालच्या आवाजासाठी गावातील तरुणांकडे एकच शब्द आहे: बेस. हा धागा त्या बेसचा, तो वाजवण्यासाठी घडलेल्या वाद्याचा आणि त्या वाद्याच्या वादकांत चालत आलेल्या एका जुन्या भांडणाचा.

२/
भांडण असे: बेस गिटार 'प्रिसिजन' चांगली की 'जॅझ'? दोन्ही अमेरिकेतील फेंडर कंपनीचे नमुने. पहिला १९५१ सालचा, दुसरा १९६० सालचा. वादक त्यांना थोडक्यात 'पी' आणि 'जे' म्हणतात. इतर कंपन्यांच्या असंख्य बेस गिटारी आजही या दोहोंपैकी एकीच्या वळणावर घडवल्या जातात. त्यामुळे हा वाद एका कंपनीच्या गिऱ्हाइकांपुरता राहत नाही. बेस गिटार हाती घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यात बाजू घ्यावी लागते.

३/
हा वाद सहसा रुचीचा मानला जातो. एकाला आंबट आवडते, दुसऱ्याला गोड; मग चर्चा कशाला? इतिहास मात्र वेगळे सांगतो. ज्या पसंतीचे पुढे पंथ झाले, त्यांतील कितीतरी मुळात अडचणीतून जन्मल्या. पैसा कमी होता, हवा दमट होती, परवाना मिळत नव्हता. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: नड. आधी नड येते, तिची सवय होते आणि त्या सवयीला लोक आवड म्हणू लागतात. या धाग्याचा दावा एवढाच आहे. पुरावा पुढे.

४/
सुरुवात घरातून. मराठी कानाला खालचा स्वर परका नाही. गायक पहाटे खर्ज साधतात. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाचा षड्ज धरून असते. तबल्याचा डग्गा, गोव्याचे घुमट, गोंधळ्याच्या संबळाचे मोठे अंग, ही सारी खालच्या आवाजाचीच घरे. पण या परंपरेत खर्ज स्थिर असतो. तो गाण्याबरोबर चालत नाही, गाण्याखाली जमीन होऊन राहतो. गाण्याबरोबर पावले टाकणारा, दर काही मात्रांनी जागा बदलणारा खालचा स्वर हवा, तर अनेक स्वर एकत्र उभे करणारी पाश्चात्त्य स्वरमेळाची पद्धत यावी लागते.

५/
ती पद्धत मुंबईला मुख्यतः गोव्याने दिली. पोर्तुगीज अमलात चर्चच्या गावशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या 'कुडां'त राहिली, हॉटेलांतील नृत्यवृंदांत वाजवू लागली आणि पुढे चित्रपटांच्या वादकवृंदांत गेली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्या पिढीतील काही नावे. त्यांच्या वाद्यमेळात खालची बाजू सांभाळायला असे उभा बेस, म्हणजे माणसाहून उंच असे लाकडी वाद्य.

६/
उभा बेस भारदस्त खरा, पण त्याच्या अडचणीही तेवढ्याच मोठ्या. सहा फुटांच्या आसपासची उंची. उचलायला खांदा हवा, न्यायला गाडी हवी. त्याला पडदे नसतात, म्हणजे सतारीला असतात तशा स्वराच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसतात. बोट केसभर सरकले तरी स्वर बेसूर. आणि समोर ट्रंपेट, ड्रम वाजू लागले की त्याचा आवाज बुडून जाई. ही केवळ मुंबईची तक्रार नव्हती. अमेरिकेतील नृत्यवृंदांतले बेसवादकही हेच ओझे वाहत होते.

७/
त्यावर उपाय शोधणारा पहिला माणूस फेंडर नव्हे. सिएटल शहरातील पॉल टुटमार्क याने १९३० च्या दशकाच्या मध्यास पडदे असलेला, आडवा धरायचा विजेवरचा बेस बनवून विकायला काढला होता. तो चालला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी तीच कल्पना कारखान्यात घडवता येईल अशा रूपात आणली, आणि ती टिकली. फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर, वादक नव्हते. वादकांच्या तक्रारी ऐकून त्यावर तोडगा काढणे हा त्यांचा खरा गुण.

८/
या वाद्याचे नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. नावातच जुनी नड दडलेली आहे: पडदे असल्याने स्वर आता अचूक लागणार होता. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठरली, आणि तेच माप आजवर प्रमाण मानले जाते. वाद्य गळ्यात अडकवता येऊ लागले. गिटार वाजवणाऱ्यालाही थोड्या सरावाने ते जमू लागले. पुढे 'फेंडर बेस' हे शब्द कित्येक वर्षे कोणत्याही विजेच्या बेससाठी सर्रास वापरले गेले. जसे मराठी घरात कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत.

९/
१९५७ साली प्रिसिजनच्या पिकअपमध्ये बदल झाला. पिकअप म्हणजे तारेखाली बसवलेले लोहचुंबक आणि त्याभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार कंप पावली की त्यात वीज उमटते. नव्या रचनेत एका वेटोळ्याचे दोन तुकडे झाले, प्रत्येक दोन तारांसाठी एक, आणि दोघांची दिशा एकमेकांविरुद्ध. त्यामुळे आसपासच्या विजेची गुणगुण परस्पर रद्द होते. जनरेटरवर चालणाऱ्या, अर्थिंगचा भरवसा नसलेल्या मांडवात वाजवणाऱ्याला या एका सुधारणेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

१०/
१९६० साली फेंडरने दुसरा नमुना काढला: 'जॅझ बेस'. त्यात दोन पिकअप, एक दांडीच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. दांडीही वरच्या टोकाला अरुंद केली: प्रिसिजनची रुंदी तेथे सुमारे पावणेदोन इंच, जॅझची दीड. पाव इंचाचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. चार तास उभे राहून वाजवणाऱ्या डाव्या हाताला तो चांगलाच कळतो. मात्र दोन्ही पिकअप सारख्या पातळीवर असतील तरच जॅझ बेसची गुणगुण रद्द होते. त्यांपैकी एकाचा आवाज कमी केला की ती पुन्हा डोके वर काढते.

११/
आवाजातील फरक कोठून येतो? तार एकाच वेळी अनेक कंपने करते: मूळ स्वराचे आणि त्याच्या पटीतील वरच्या उपस्वरांचे. घोडीजवळ उपस्वर ठळक मिळतात, मधल्या भागात मूळ स्वराचे अंग भरदार मिळते. प्रिसिजनचा एकुलता पिकअप मधल्या टापूत आहे. म्हणून तिचा आवाज जाड, गुरगुरता आणि गर्दीत जागा धरणारा. जॅझमध्ये दोन ठिकाणांहून घेतलेले आवाज मिसळताना मधली काही कंपने एकमेकांना खातात. म्हणून तिचा आवाज रेखीव आणि किनारदार. दोघींचे स्वभाव असे तारेवरच्या जागेत आहेत. कंपनीने दिलेल्या नावांत ते शोधू नयेत.

१२/
कारण नावे फसवतात. 'जॅझ बेस' जॅझवाल्यांसाठी म्हणून काढली, आणि उचलली रॉकवाल्यांनी: जिमी हेंड्रिक्सचा साथीदार नोएल रेडिंग आणि लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स दोघेही तीच वाजवत. १९७० च्या दशकात अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची फंक शैली आली, तिलाही तिचा लखलखीत आवाज मानवला. कारखानदार वाद्याला नाव देतो. त्याचा अर्थ मात्र वादक ठरवतात. 'ही जॅझसाठी, ती रॉकसाठी' असे कोष्टक पाठ करणाऱ्या नवशिक्यांनी हा इतिहास आधी पाहावा.

१३/
आता तीन प्रसिद्ध पसंती तपासून पाहू. पहिली पॉल मॅकार्टनी यांची. १९६१ साली हँबुर्गमध्ये बीटल्सचा बेसवादक वृंद सोडून गेला आणि ती जबाबदारी मॅकार्टनींवर आली. फेंडर परवडत नव्हती. त्यांनी सुमारे तीस पौंडांना हॉफ्नर या जर्मन कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. ते डावखुरे, हे वाद्य दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. जगातील सर्वांत ओळखीच्या बेस गिटारीची निवड अशी किमतीवर आणि डाव्या हातावर झाली.

१४/
दुसरी पसंती जेम्स जेमर्सन यांची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य गाण्यांखाली त्यांचा बेस आहे. मूळचे ते उभ्या बेसचे वादक. विजेचा बेस घेतला तेव्हा तीच सवय बरोबर आली: उजव्या हाताची केवळ तर्जनी, जाड आणि सपाट वेटोळ्याच्या तारा, घोडीच्या झाकणाखाली आवाज दाबणारा स्पंज. तारा तुटेपर्यंत ते बदलत नसत. त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजनचा तो ठसठशीत, लगेच विरणारा स्वर म्हणजे उभ्या बेसची आठवणच होती. जुन्या वाद्याची सवय नव्या वाद्यात घर करून राहिली.

१५/
तिसरी पसंती जाको पास्टोरियस यांची. ते फ्लोरिडाचे, त्यांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे तेथील दमट हवेत त्यांचा उभा बेस तडकला. मग त्यांनी पडदे काढलेली १९६२ ची जॅझ बेस जवळ केली आणि दांडीवर कठीण लेप चढवला, जेणेकरून तारांनी लाकूड झिजू नये. १९७६ साली त्यांची पहिली तबकडी आली आणि पडदे नसलेल्या बेसचा गाता आवाज जगभर अनुकरणाचा विषय झाला. ज्या पडद्यांसाठी फेंडरने प्रिसिजन काढली, तेच पडदे उपटून एक नवी परंपरा उभी राहिली. कोकणातल्या पावसाळ्यात लाकडी वाद्य जपणाऱ्यास ही गोष्ट चटकन समजेल.

१६/
किंमत, सवय, हवा. तीन थोर वादक, तीन नडी. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्यांची वाद्ये सौंदर्यदृष्टीचे अंतिम निर्णय म्हणून स्वीकारली. हॉफ्नर घेणारे आता बीटल्सच्या आवाजासाठी जास्त पैसे मोजतात. जुन्या तारा न बदलणे हा काहींचा धर्म झाला आहे. मूळ अडचण संपली तरी तिचा संस्कार शिल्लक राहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. भाषा, पोशाख आणि पाककृती यांचेही असेच होते.

१७/
आता मुंबई. १९६० च्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटार शिरली आणि पुढील दशकात तिने उभ्या बेसची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत डझनावारी वादक आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात. एकाची चूक म्हणजे सर्वांचा पुन्हा आरंभ. अशा ठिकाणी बेसवादकाकडून पहिली अपेक्षा असे ती खात्रीची: स्वर जागेवर, आवाज स्थिर, खरखर नाही. 'माझ्या बेसचा पोत वेगळा आहे' हे सांगायची सवड फार थोड्यांना होती.

१८/
आणि वाद्य मिळणार कोठून? १९९१ पूर्वीच्या भारतात परदेशी वाद्य आणणे म्हणजे परवाना, जकात आणि परकीय चलन यांची तिहेरी भिंत ओलांडणे. धोबीतलावचे फुर्ताडो हे १८६५ पासूनचे दुकान होते, कोलकात्याच्या गिवसनसारख्या देशी गिटारी होत्या. परदेशी बनावटीसाठी मात्र बहुधा जहाजावर नोकरी करणारा नातलग, परदेशातून परतणारा मित्र किंवा जुने वाद्य विकणारा दुसरा वादक हाच मार्ग. अशा वेळी 'पी की जे' हा प्रश्न उद्भवतच नाही. जे हाती पडले ते आपले, आणि त्यातून हवा तो आवाज काढणे ही कला.

१९/
ऐकणाऱ्याची नड वेगळीच होती. बेस गिटारीची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते. रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' ज्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकली जाई, त्याचा तळहाताएवढा कर्णा दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली हात टेकतो. म्हणजे मूळ स्वर घरोघर पोचतच नव्हता. तरीही लोकांनी बेस ऐकला. कारण ८२, १२३, १६४ हर्ट्झ असे पटीतील उपस्वर कानी आले की मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतः भरून काढतो. श्रोत्याने बेसचा पाया मनातच बांधला होता.

२०/
या एका गोष्टीने वाद्याच्या गुणांची किंमत बदलते. मोठ्या कर्ण्यावर सर्वांत भारदस्त वाटणारा आवाज छोट्या रेडिओवर नाहीसा होऊ शकतो. आणि ज्याच्या मधल्या स्वरांत गुरगुर आहे, ज्याच्या तारेवर बोटाचा आघात स्पष्ट आहे, तो तेथे तरतो. म्हणून 'कोणती बेस उत्तम' या प्रश्नाला 'कोठे ऐकण्यासाठी' ही जोड दिल्यावाचून अर्थ येत नाही. आजच्या बहुतेक वादांत हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही.

२१/
मुंबईच्या त्या काळातील दोन नावे येथे घ्यायलाच हवीत. टोनी वाझ हे राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातील बेस गिटारवादक; १९७० च्या दशकातील हिंदी गाण्यांची चाल ज्यांच्या बोटांनी ठरवली त्यांपैकी एक. दुसरे चरणजीत सिंग, जे बेस गिटार, गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर अशी अनेक वाद्ये हाताळत. त्यांची गाणी कोट्यवधींना पाठ आहेत. तबकडीच्या वेष्टनावर मात्र संगीतकार, गीतकार आणि गायक यांपलीकडे नाव छापण्याची रीत नव्हती.

२२/
१९८० साली 'कुर्बानी' प्रदर्शित झाला. त्यातील 'आप जैसा कोई' हे गाणे बिद्दू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. डिस्कोत बेस मागे उभा राहत नाही; तो सप्तकाच्या उड्या मारत गाण्याच्या पुढे धावतो. ऐकणाऱ्यांच्या घरांतही कॅसेट आणि मोठे स्पीकर येऊ लागले होते. खालच्या स्वराला अखेर आपले माप मिळत होते. आणि नेमक्या याच वेळी बेसवादकाच्या कामावर गदा आणणारी यंत्रेही बाजारात आली.

२३/
जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची छोटी चंदेरी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, हा तिचा हेतू. बेस गिटारसारखी ती मुळीच वाजत नसे; खप झाला नाही आणि १९८४ साली उत्पादन थांबले. पण १९८२ सालीच मुंबईत एका वादकाने ती पेटी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तो वादक म्हणजे चरणजीत सिंग.

२४/
ही तबकडी तेव्हा विशेष कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच पेटीतून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा संगीतप्रकार जन्मला, आणि २०१० साली तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. यातील मार्मिक गोष्ट अशी की बेसवादकाला पर्याय म्हणून बनवलेले यंत्र एका बेस वाजवणाऱ्यानेच जाणतेपणे हाताळले. बेसची नक्कल करण्यात पेटी कमी पडत होती. रागाची मींड सरकत्या आवाजात धरण्यास ती उपयोगी पडली. कारखान्यातील दोष वादकाच्या हाती गुण ठरला.

२५/
मुंबईहून आता खाडी ओलांडून पुन्हा रोडपालीला. आगरी समाजाच्या भातशेतीचा आणि मिठागरांचा हा पट्टा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, शेजारी कळंबोली वसाहत उभी राहिली. लग्नात धवलारीण धवले गाते. तिला वाद्याची साथ लागत नाही. मिरवणुकीत मात्र बेंजो आला. आणि बेस गिटारच्या भांडणाचा सर्वांत बोलका पडताळा मिळतो तो याच वाद्यात, जरी त्याचा स्वर बेसच्या नेमका उलट, उंच आणि धारदार असला तरी.

२६/
कारण रायगड-ठाण्याचा बेंजो हा अमेरिकी बँजो नव्हेच. तो बुलबुलतरंगाचा वंशज. आणि बुलबुलतरंगाचे मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या टंकलेखन यंत्रासारख्या कळांच्या तंतुवाद्यात आहे. घरगुती करमणुकीचे ते नाजूक वाद्य येथे ढोल-ताशांपुढे उभे राहायचे होते. तेव्हा कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडले. उभ्या बेसचा आवाज बुडतो म्हणून फेंडरने जे केले, तेच येथील मंडळींनी बेंजोचे केले. नडही तीच आणि तोडगाही तोच. एकाचे नाव मात्र कोशांत आहे आणि दुसऱ्यांची नावे कोणी टिपली नाहीत.

२७/
बेंजो पथकात खर्ज कोण सांभाळतो? ढोल, कीबोर्डवरील डावा हात आणि ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅडही रोलंडचाच, १९८५ पासूनचा. नंतर डीजेचे उंच कर्णे आले आणि खालचा स्वर छातीत शिरू लागला. दुसरीकडे तेच गाणे दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरते, आणि मोबाईलचा कर्णा जुन्या ट्रान्झिस्टरपेक्षाही लहान. म्हणजे आज बेस एक तर खिडक्या हलवतो, नाही तर ऐकूच येत नाही. रोडपालीत एखादा मुलगा आज बेस गिटार शिकू लागला, तर त्याची नड ही आहे: दोन्ही टोकांना तग धरणारा स्वर त्याला शोधायचा आहे.

२८/
येथे एक रास्त आक्षेप येतो: सारे परिस्थितीनेच ठरत असेल, तर आवड म्हणून काही उरतच नाही का? उरते. मॅकार्टनींना पुढे रिकनबॅकरसारखी महागडी वाद्ये मिळाली, ती त्यांनी वाजवलीही, आणि तरी ते हॉफ्नरकडे परत आले. जेमर्सन यांनी नाव झाल्यावरही तारा बदलल्या नाहीत. नड सरल्यानंतरही माणूस जे सोडत नाही, तीच त्याची खरी आवड. म्हणून पसंतीची परीक्षा वाद्य विकत घेतानाच्या क्षणी होत नाही. पर्याय उपलब्ध झाल्यानंतर होते.

२९/
आजच्या पिढीला पर्याय आहेत. मुंबईच्या मोहिनी डे यांचे वडील सुजय डेही बेसवादक. मोहिनी पाच तारांची बेस वाजवतात. तिची सर्वांत जाड तार सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते, जेथे ट्रान्झिस्टरच्या काळात पोचून काही उपयोगच नव्हता. 'पी की जे' या चौकटीबाहेर ही पिढी सहज उभी आहे. तिच्या आधीच्या पिढ्यांना ते जमले नाही, यावरून त्यांची रुची तोकडी होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

३०/
खरा प्रश्न म्हणून वाद्यांच्या श्रेष्ठत्वाचा नाही, नोंदींचा आहे. मोटाउनने जेमर्सन यांचे नाव प्रमुख तबकडीवर छापले ते १९७१ साली, मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' वर. त्यांचे चरित्र पुस्तकरूपाने आले ते १९८९ मध्ये, मृत्यूनंतर सहा वर्षांनी. मुंबईच्या चित्रपटवादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला, तोवर कित्येक जण काळाच्या पडद्याआड गेले होते. मोटाउनच्या वादकाची तार सपाट होती की गोल, हे आज जगाला ठाऊक आहे. मुंबईच्या बहुतेक बेसवादकांची वाद्ये कोणती, हे साधे टिपूनही ठेवलेले नाही.

३१/
इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांना येथे काम आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. जुन्या वाद्यवृंदातील, ब्रास बँडमधील, बेंजो पथकातील वडीलधाऱ्यांकडे जावे. कोणाबरोबर वाजवले, एवढे विचारून थांबू नये. वाद्य कोठून मिळाले? किती रुपयांना? आधी कोणाचे होते? पिकअप कोणी बसवला? पावसाळ्यात कसे जपले? खालची बाजू कोण धरत असे? प्रश्न साधे आहेत. त्यांच्या उत्तरांत आयात धोरण आहे, कारागिरी आहे, स्थलांतर आहे आणि लग्नाच्या मांडवाचे अर्थकारणही आहे.

३२/
'पी' चांगली की 'जे' हे भांडण चालूच राहील, आणि चालू राहावे. त्याने कान तयार होतात. फक्त एखाद्या वादकाची पसंती ऐकताना तिच्यामागची नड विचारण्याची सवय लागावी. खालचा स्वर गाण्यात सहसा दिसत नाही. तो काढून घेतला तर मात्र गाणे पोकळ होते. तो धरून ठेवणाऱ्यांचेही तसेच आहे. रोडपालीच्या पुढच्या हळदीत खिडकीची काच थरथरली की तो आवाज कोणत्या यंत्राचा, हे पाहणे सोपे आहे. त्याआधी तेथे खर्ज कोण धरत होते, हे सांगणारी माणसे गावात अजून भेटतात. त्यांना आताच विचारावे.

(धागा समाप्त)